खारदुंग लाचा उतार आणि थरथरणारा ब्रेक

उन्हाळ्यात सकाळी नऊच्या सुमारास लेहच्या बाजारात एक गमतीचे दृश्य दिसते. टपावर सायकली बांधलेल्या गाड्या एकामागून एक निघतात आणि शहराच्या उत्तरेकडचा चढ चढू लागतात. आत बसलेल्या पर्यटकांच्या मांडीवर हेल्मेट असते, हातात लोकरी मोजे असतात. एरवी सायकल माणसाला वाहून नेते. इथे गाडी सायकलीला डोंगरावर नेऊन सोडते. उतरायचे मात्र सायकलीनेच.

हा डोंगर म्हणजे खारदुंग ला. लडाखी भाषेत 'ला' म्हणजे खिंड, त्यामुळे 'खारदुंग ला खिंड' म्हणणे म्हणजे 'पिवळा पीतांबर' म्हणण्यासारखेच. लेहपासून हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर आहे, तर खिंडीचा माथा ५,३५९ मीटरवर. पूर्वी इथल्या फलकावर १८,३८० फूट असा आकडा लिहिलेला असे आणि हा जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता असल्याचा दावाही केला जाई. नंतरच्या अचूक मोजणीत उंची सुमारे १७,५८२ फूट भरली. जगातला सर्वांत उंच हा मानही राहिलेला नाही. लडाखमधल्याच उमलिंग लावरून जाणारा रस्ता याहून उंच आहे. पण पर्यटकांच्या उत्साहात त्याने काही फरक पडलेला नाही. फलकाजवळ फोटो काढणाऱ्यांची रांग कायम असते.

रस्ता १९७६ साली तयार झाला आणि १९८८ साली सर्वसामान्यांच्या वाहनांसाठी खुला झाला. त्याआधी कित्येक शतके या खिंडीतून लेह ते यारकंद, काशगर असे व्यापारी तांडे जात. खिंडीपलीकडे नुब्राच्या खोऱ्यात हुंडर येथे दिसणारे दोन मदारींचे उंट ही त्याच तांड्यांची आठवण.

नाशिकचे कुटुंब

गेल्या हंगामात नाशिकहून आलेले एक चौकोनी कुटुंब अशाच एका गाडीतून वर निघाले होते. वडील पन्नाशीचे, आई शाळेत शिक्षिका, मुलगी कॉलेजात आणि धाकटा मुलगा आठवीत. लेहला विमानाने उतरल्यावर त्यांनी पूर्ण दोन दिवस काहीही केले नव्हते. पाणी पीत, बाजारात सावकाश फिरत, संध्याकाळी शांतिस्तूपाकडे नुसते बघत त्यांनी ते काढले. मुलाला हे दोन दिवस फुकट गेल्यासारखे वाटले, पण आई ठाम होती आणि तिचेच बरोबर होते. सखल भागातून थेट या उंचीवर आलेल्या शरीराला विरळ हवेची सवय व्हायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. लेहमध्येच डोके दुखत असेल, मळमळत असेल तर खारदुंग लाचा विचारही करू नये.

सायकली बाप-लेकींसाठी घेतल्या होत्या. आई आणि मुलगा मागून गाडीत येणार होते. भाड्याने सायकल देणाऱ्याने त्या आदल्या संध्याकाळीच दिल्या, म्हणजे गल्लीत थोडे चालवून हात बसेल. जाड टायर, पुढे दणके सोसणारा चिमटा आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. आपल्याकडच्या नेहमीच्या सायकलीत ब्रेकचे रबर रिमला घासते. डिस्क ब्रेकमध्ये चाकाच्या मध्याशी, हबला, पोलादाची एक पातळ तबकडी बसवलेली असते आणि चिमट्यावर बसवलेला कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरतो. चिखल, पाणी, वाकडी झालेली रिम यांचा या ब्रेकला फारसा त्रास होत नाही. म्हणूनच १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून डोंगरी सायकलींवर तो रूढ होत गेला.

गल्लीत चालवताना मुलीच्या सायकलीचे पुढचे चाक किंचित किरकिरत होते. वडिलांनी लगेच पिशवीतून एक छोटी बाटली काढली. शिवणयंत्राचे तेल! बिजागरी वाजली, पंखा कुरकुरला, कुलूप अडकले की त्यांच्या घरात हेच औषध चालत आलेले. त्यांनी साखळीवर तेल सोडले आणि जाता जाता पुढच्या चाकाच्या मध्यभागीही चार थेंब टाकले. किरकिर थांबली. वडील समाधानाने जेवायला गेले.

माथ्यावरून खाली

सकाळी गांगलस गाव मागे पडले तशी झाडे संपली. साऊथ पुल्लूची चौकी लेहपासून सुमारे २४ किलोमीटरवर आहे. त्यापुढचे पंधराएक किलोमीटर खरे खडतर. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला खोल उतार आणि मध्येच बर्फ वितळून रस्त्यावरून वाहणारे ओहोळ. ऊन चढले की ओहोळ वाढतात, सकाळी लवकर तेच गोठून काचेसारखे होतात. लष्कराच्या ट्रकांचे ताफे समोरून येतात, त्यांना वाट देऊन कड्याच्या बाजूला उभे राहायचे हा इथला शिरस्ता.

माथ्यावर वाऱ्यात फडफडणाऱ्या पताका, गरम चहा आणि दक्षिणेकडे स्टोकची हिमशिखरे. इथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. पाणी सुमारे ८२ अंशांवरच उकळते, त्यामुळे चहा 'उकळता' मिळाला तरी चटका तितका बसत नाही. पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त इथे थांबू नये असे चालक सांगतो आणि ते ऐकावे.

बाप-लेकी निघाल्या. पहिले किलोमीटरभर मुलगी बहुतेक मागच्याच ब्रेकवर होती. पुढच्या ब्रेकने माणूस हँडलवरून उडतो अशी भीती बहुतेक नवख्यांना असते. दुसऱ्या किलोमीटरला उतार वाढला, तिने पुढचा ब्रेक दाबला आणि हँडल एकदम थरथरू लागले. बरोबर हंबरल्यासारखा आवाज. लिव्हर सोडला की थरथर बंद, दाबला की पुन्हा सुरू.

"बाबा, ब्रेक दाबला की हँडल थरथरतंय!"

"नवी सायकल आहे, सवय नाही तुला. हळू दाब," वडील पुढूनच ओरडले.

तिने हळू दाबले. थरथर कमी झाली, पण सायकलही थांबेना. पुढे वळण दिसत होते. तिने दोन्ही ब्रेक आवळले, पाय टेकवला आणि कड्याच्या बाजूला सायकल थांबवली. मागून गाडी आली. आईने खिडकीतून डोके बाहेर काढले. "दोघंही थांबा आधी. काय झालंय ते बघू, मग पुढे."

त्या मुलीने वळणाआधी थांबण्यात शहाणपणा दाखवला. अशा वेळी मोठ्यांचे 'काही होत नाही, चल' ऐकून पुढे जाणारी मुलेच जास्त.

ब्रेक का थरथरतो?

काचेच्या पेल्याच्या कडेवरून ओले बोट फिरवले की पेला गाऊ लागतो. खडू फळ्यावर विशिष्ट कोनात धरला की किंचाळतो. बोट किंवा खडू सरळ घसरत नाही. क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. हे सेकंदाला शेकडो वेळा झाले की आवाज होतो, थोडे सावकाश झाले की थरथर जाणवते. ब्रेकमध्ये नेमके हेच घडते. तबकडी सगळीकडे सारखी स्वच्छ आणि पॅड सारखा पकडणारा असेल तर ब्रेक गुमान लागतो. तबकडीवर कुठे तेलाचा ओघळ, कुठे जळालेल्या पॅडचा थर असेल तर पकड पावलोपावली बदलते. त्यातच एखादा बोल्ट ढिला असेल तर या लहानशा अडक-सुटीला हलायला जागा मिळते आणि ती चिमट्यातून थेट हातापर्यंत पोहोचते.

उताराचा हिशेबही इथे ध्यानात घ्यायला हवा. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरले आणि माथ्यापासून लेहपर्यंतची साधारण १,८५० मीटरची घसरण धरली, तर वाटेत जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती चार लिटर थंड पाणी उकळायला पुरेशी आहे. थोडी वारा खाऊन टाकतो. उरलेली त्या दोन पातळ तबकड्या आणि नखाएवढे पॅड सोसतात. ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवला तर पॅडचा पृष्ठभाग भाजून काचेसारखा गुळगुळीत होतो, मग पकड कमी आणि थरथर जास्त. म्हणून वळणाआधी ठामपणे ब्रेक लावायचा, वेग उतरला की सोडायचा आणि तबकडीला वारा लागू द्यायचा. खडीवर वळताना, सायकल कललेली असताना पुढचा ब्रेक आवळू नये. पण सरळ रस्त्यावर थांबवण्याचे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो, त्याला घाबरून त्याचा वापरच टाळणे धोक्याचे.

डोंगरी सायकलीचा आणि तापलेल्या ब्रेकचा संबंध तसा जुनाच. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ साली काही हौशी तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन एका कच्च्या उतारावर शर्यती लावू लागले. पेडल उलटे फिरवून लागणारे त्यांचे ब्रेक इतके तापत, की हबमधले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. ग्रीस 'पुन्हा भरणे' म्हणजे इंग्रजीत 'रीपॅक', म्हणून त्या रस्त्याचे नावच रीपॅक पडले.

रस्त्याकडेची दुरुस्ती

गाडीचा चालक लडाखी तरुण होता आणि सायकलींची दुरुस्तीही तोच बघत असे. 'जुले' म्हणत तो हसत उतरला. सर्वप्रथम त्याने मुलीला तबकडीपासून हात दूर ठेवायला सांगितले. उतारावरून आलेली तबकडी हात भाजेल इतकी तापलेली असते आणि बोटांचा तेलकटपणाही तिला चालत नाही.

मग त्याने पुढचा ब्रेक दाबून धरला, दुसरा हात हँडलखालच्या सांध्यावर ठेवला आणि सायकल पुढे-मागे हलवली. तिथे खटखट जाणवली असती तर हँडलचे बेअरिंग ढिले असते. तसे नव्हते. चाक हाताने आडवे हलवून पाहिले, हबही घट्ट. चाकाचा धुराही नीट आवळलेला. मग सहाकोनी पान्याने कॅलिपरचे दोन बोल्ट तपासले. खालचा चक्क पाव फेरा फिरला.

"हे बघा," तो हिंदीत म्हणाला, "टपावर, खडीवर हादरे बसून ढिला झालाय."

त्याने दोन्ही बोल्ट थोडे सोडले, मुलीला ब्रेक दाबून धरायला लावले आणि कॅलिपर तबकडीवर आपोआप मध्यभागी बसला तसा ते आलटून पालटून आवळले. तबकडीचे सहा छोटे बोल्टही तारेच्या आकाराच्या पान्याने समोरासमोरच्या जोडीने पाहिले. हे बोल्ट घरी आवळताना जोर लावू नये, सायकलीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापलीकडे तर नाहीच. अॅल्युमिनियमच्या हबमधले आटे लगेच खराब होतात.

मुलीने दहा-पंधरा मीटर चालवून पाहिले. थरथर निम्म्याने कमी झाली होती, पण हंबरणे तसेच.

चालकाने डोके खाजवले. तबकडी गार झाल्यावर त्याने पांढरा कागदी रुमाल तिच्यावरून फिरवला. रुमालावर तपकिरी, तेलकट पट्टा उमटला. त्याने तो नाकाशी नेला. "यात तेल कुणी घातलं?"

क्षणभर कुणी बोलले नाही. मग वडील म्हणाले, "मी. काल रात्री. किरकिरत होतं म्हणून."

थेंब हबवर टाकले होते, पण हब आणि तबकडी शेजारी-शेजारी. चाक फिरले तसे तेल बाहेर फेकले गेले, तबकडीवरून पॅडपर्यंत पोहोचले. घरात किरकिर म्हणजे तेलाची मागणी हा हिशेब बिजागरीला लागू पडतो. ब्रेकला घर्षणच हवे असते आणि तेल तेच काढून घेते. चालक रागावला नाही. "आम्हाला सांगितलं असतं तर रात्रीच बघितलं असतं," एवढेच म्हणाला. आईने वडिलांकडे पाहिले, पण मुलांसमोर काही बोलली नाही. वडिलांचा चेहरा उतरला होता. मघाशी 'हळू दाब' म्हणून आपण पोरीला त्या वळणाकडे पाठवत होतो, हे त्यांच्याही लक्षात आले असावे.

चाक काढले गेले. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे चाक काढलेले असताना लिव्हर चुकूनही दाबू नये. पॅड एकमेकांना चिकटतात आणि तबकडी परत आत जात नाही. आपल्याकडे सायकल उलटी ठेवून दुरुस्त करायची जुनी सवय आहे. या ब्रेकांना तीही मानवत नाही, नळीतली हवा नको तिथे सरकू शकते.

तबकडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दर वेळी नवा रुमाल घेऊन, रुमाल पांढरा राहीपर्यंत पुसली. पॅड नुसते भाजून गुळगुळीत झाले असते तर सपाट जागी बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर हलके घासून भागले असते. तेल प्यालेल्या पॅडचे तसे होत नाही. वरून कोरडा दिसला तरी तापला की तेल पुन्हा बाहेर येते. चालकाने ते फेकायला बाजूला ठेवले आणि गाडीतून नवी जोडी काढली.

नवे पॅड बसवले की ब्रेक लगेच पूर्ण लागत नाही. पॅडचा पातळ, एकसारखा थर तबकडीवर बसावा लागतो. त्यासाठी सपाट, मोकळ्या जागी मध्यम वेग घेऊन, चाक न अडकवता, जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक लावायचा. असे पंधरा-वीस वेळा. खारदुंग लाच्या उतारावर हे करणे म्हणजे वेडेपणा. चालकाने सायकल टपावर चढवली. मुलगी हिरमुसली, पण हट्ट न करता गाडीत बसली. वडिलांनीही आपली सायकल वर चढवायला सांगितली.

साऊथ पुल्लूपासून

चौकीजवळच्या सपाट तुकड्यावर मुलीने वीसेक फेऱ्या मारल्या. धाकटा भाऊ मोजत होता. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर लिव्हरला धार आली, दहाव्यानंतर आवाज बंद झाला. चालकाने स्वतः एकदा चालवून पाहिली आणि मान हलवली.

तिथून लेहपर्यंतचे २४ किलोमीटर म्हणजे सुखाचा प्रवास. रस्ता चांगला, वळणे रुंद, खाली सिंधूच्या खोऱ्यात तपकिरी डोंगरांमध्ये लेहचा हिरवा ठिपका हळूहळू मोठा होत जातो. गांगलसपाशी सातूची शेते लागतात, पाटाच्या पाण्याचा आवाज येतो आणि एकदम ऊब जाणवते. चार किलोमीटरवर एकदा दोघे थांबले. मुलीने वाकून ब्रेककडे कान दिला.

"वाजतोय का गं?" वडिलांनी विचारले.

"नाही. तुमचा बघू."

सायकल परत करताना पॅडचे पैसे वडिलांनी न सांगता दिले.

जाणाऱ्यांसाठी थोडे

खारदुंग लावरून सायकलीने उतरायचे तर जून ते सप्टेंबर हा काळ बरा. लेहच्या बाजारात गाडी, सायकल आणि हेल्मेट मिळून सोय करणारे अनेक जण आहेत. स्वस्त कोण यापेक्षा मागून गाडी येणार का, गाडीत पाने, जादा पॅड, ट्यूब आहेत का, हे विचारावे. परवाने आणि शुल्काचे नियम बदलत असतात, ते आदल्या दिवशी विचारून घ्यावेत. गरम कपडे, वारा अडवणारे जाकीट आणि पूर्ण बोटांचे मोजे लागतातच. बोटे गारठली की ब्रेक कितीही चांगला असला तरी तो दाबणार कोण?

सायकल ताब्यात घेताना पुढचे-मागचे ब्रेक उभ्यानेच दाबून पाहावेत. लिव्हर हँडलला टेकत असेल तर ती सायकल नको. चाक उचलून फिरवावे. दर फेरीला एकाच जागी घासल्याचा आवाज आला तर तबकडी वाकडी असते आणि ब्रेक लावताना दर फेरीला एक उचकी बसते. ती सरळ करणे हे कारागिराचे काम आहे. तबकडी झिजून पातळ झालेली नाही ना, हेही पाहावे. नवी बहुधा १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ पर्यंत आली की बदलतात. नुसता बारीक किंचाळल्याचा आवाज, तोही ओले झाल्यावर, येत असेल तर घाबरण्याचे कारण नाही, चार वेळा ब्रेक लावल्यावर तो बहुधा जातो. पण हँडल थरथरत असेल, किंवा आवाजाबरोबर पकडही कमी झाली असेल, तर तिथेच उतरावे.

नाशिकचे कुटुंब तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दुकानात आले. मुलीला माथ्यापासूनचा उतार हवाच होता आणि या वेळी आईचीही हरकत नव्हती. सायकली टपावर चढण्याआधी मुलीने आपल्या सायकलीचा पुढचा ब्रेक दाबला, हात सांध्यावर ठेवला, सायकल पुढे-मागे हलवून पाहिली. मग वडिलांची सायकल ओढून घेतली आणि तीही तशीच तपासली. वडील बाजूला उभे होते, हात खिशात घालून.